दया, न्याय आणि दायित्व : पंडिता रमाबाईंचे जीवन



मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास करताना दया, न्याय आणि पश्चात्ताप हे शब्द तुम्हाला वारंवार भेटतील. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव हा न्यायाधीश आहे आणि तोच दयाळू पिताही आहे. माणसाच्या कृत्यांचा हिशेब तो मागतो आणि पश्चात्तापाने परत आलेल्याला क्षमाही करतो. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हा या धर्माच्या विचारवंतांना शतकानुशतके पडलेला प्रश्न आहे. तारण जर माणसाच्या पुण्याईवर अवलंबून नसून ते देवाच्या कृपेने फुकट मिळत असेल, तर माणसाने करावयाचे काय उरते? आणि सर्वच भार माणसावर असेल, तर कृपेला अर्थ कोणता?

या प्रश्नांची तात्त्विक चर्चा तुम्ही अन्यत्र वाचालच. या घटकात आपण ती एका जीवनाच्या आधारे पाहणार आहोत. पंडिता रमाबाईंचे नाव तुम्हाला स्त्रीसुधारणेच्या इतिहासातून परिचित असेल. त्यांच्या धर्मांतराचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकला जातो, जणू तो त्यांच्या कार्याला लागून आलेला एक अडचणीचा तपशील आहे. त्यांचे कार्य आणि त्यांची श्रद्धा अशी वेगळी काढता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील मजकूर वाचताना ते तुम्ही तपासून पाहावे.

दुष्काळ आणि मौन

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविण्याचा त्यांनी आग्रह धरला, त्यावरून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी हीच विद्या आपल्या धाकट्या मुलीला दिली. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने घर सोडले. त्यानंतरचे जीवन म्हणजे तीर्थयात्रा, पुराणकथन आणि श्रोत्यांनी दिलेल्या दक्षिणेवर गुजराण.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सारे संपले. अंगमेहनत करणे किंवा उघड भीक मागणे या कुटुंबाला ठाऊक नव्हते. व्रते, उपवास, दाने, मूर्तींपुढील प्रार्थना हे सर्व करून झाले. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर अकरा दिवस निघाले. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला होता. मुलाने मजुरी करण्याची तयारी दाखविल्यावर तो त्यांनी सोडला. पण त्यांचे शरीर टिकले नाही. थोड्याच दिवसांत आई गेली, आणि पुढे थोरली बहीणही. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण मोठ्या मुश्किलीने आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी, खांदा पुरेना. म्हणून आईचा भार त्यांनी डोक्यावर घेऊन स्मशान गाठले.

या दुष्काळाचा वृत्तान्त रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत येतो. साहित्याचे अभ्यासक म्हणून येथे तुम्ही सावध असले पाहिजे. हे लेखन घटनेनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, एका ठाम ख्रिस्ती स्त्रीने केलेले आहे. देवांचे मौन हा त्यातील ठळक धागा आहे, आणि तो मागे वळून पाहताना अधिक ठळक झाला असणे शक्य आहे. तरी डोक्यावरील त्या ओझ्याचा तपशील कोणत्याही मतप्रचारासाठी लिहिलेला वाटत नाही.

यानंतर भाऊ-बहीण देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून बचावासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. याच नगरीत त्या प्रथमच ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनासभेला गेल्या. सर्वजण खुर्च्यांसमोर गुडघे टेकून बसलेले पाहून, हे लोक खुर्च्यांनाच भजतात की काय, असे त्यांना वाटले!

कलकत्त्यातच त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. ग्रंथाग्रंथांत मतभेद पुष्कळ, पण स्त्री ही स्वभावतःच दोषी असते आणि तिला व शूद्राला मोक्षाचा मार्ग पुरुषाइतका मोकळा नाही, यावर मात्र बहुतेकांचे एकमत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा निष्कर्ष सर्वांना मान्य होईल असे नाही. भक्तिपरंपरेतील स्त्रीसंतांकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असा आक्षेप घेता येतो. परंतु त्यांच्या पुढील वाटचालीचे मूळ येथे आहे. जन्माबरोबरच ज्याचा निवाडा होऊन गेलेला आहे, त्याला उत्तरदायी तरी कशाबद्दल धरायचे? असा हा प्रश्न होता.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. सिलचर येथे त्यांचा संसार दीड वर्षाचाच. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली होती. ती त्यांनी कुतूहलाने वाचली.

पुण्यातील वर्ष

१८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर आयोगापुढील साक्ष आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक हे सर्व या एका वर्षातले. ‘स्त्रीधर्मनीति’ तुम्ही अवश्य मिळवून वाचा. स्त्रियांच्या दुर्दशेचा मोठा वाटा या पुस्तकात स्त्रियांच्याच अज्ञानावर आणि परावलंबनावर टाकलेला आहे. स्वतः उठा, शिका, असा त्याचा कठोर सूर आहे. पाच वर्षांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ मध्ये हा सूर पालटतो; तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात समाजरचना उभी आहे. दोन पुस्तकांच्या मध्ये काय घडले, हे पाहण्यासाठी आपल्याला इंग्लंडला जावे लागेल.

फुलहॅमची भेट

१८८३ मध्ये रमाबाई वैद्यकीय शिक्षणाच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. वाँटेज येथील अँग्लिकन जोगिणींच्या मठाने त्यांना आश्रय दिला. या जोगिणींचे एक केंद्र लंडनच्या फुलहॅम भागात होते. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे ठेवून घेतले जाई आणि नव्याने जगण्यास मदत केली जाई. रमाबाईंना तेथे नेण्यात आले.

त्या काळच्या आपल्या समाजात अशा स्त्रीला काय मिळत असे, हे रमाबाई जाणून होत्या. तिची सावलीही अशुभ मानली जाई. येथे मात्र कुलीन घरांतील स्त्रिया तिच्या शेजारी बसून काम करीत होत्या. हे तुम्ही का करता, असे त्यांनी एका जोगिणीला विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडला. येशू आणि शोमरोनी स्त्री यांची विहिरीकाठची भेट त्यात आहे. पाच नवरे झालेली, सध्या ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नसलेली, परक्या आणि तुच्छ मानलेल्या जातीची ही स्त्री. येशू तिच्याकडे पाणी मागतो.

ही कथा मन लावून वाचली तर एक गोष्ट लक्षात येईल. येशू तिच्या आयुष्यातील काहीही झाकत नाही. तिचे सत्य तो तिच्यापुढे ठेवतो, म्हणजे न्याय तेथे आहे. पण त्या न्यायाचा शेवट दंडात होत नाही, संवादात होतो, आणि ती स्त्री घडा तेथेच टाकून गावात सांगायला धावते. दोषी ठरविलेल्या माणसाच्या हाती येथे काम येते. रमाबाईंच्या पुढील चाळीस वर्षांच्या कार्याची कल्पना या अध्यायात सामावलेली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री तथा नेहेम्या गोरे या मराठी भाषक ख्रिस्ती पंडिताच्या लेखनाचाही या निर्णयात वाटा होता. तो काळ सोपा नव्हता. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच सुमारास वाँटेज येथे आत्महत्या केली होती. महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’ मधून रमाबाईंची बाजू घेतली. हा तपशील धर्मांतरावरील चर्चेत सहसा विसरला जातो.

सदसद्विवेक गहाण ठेवायचा का?

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई आज्ञाधारक शिष्या होतील, अशी वाँटेजची अपेक्षा असावी. तसे झाले नाही. चेल्टनहॅम येथे शिकत आणि शिकवीत असताना त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर, चमत्कारांवर आणि अथनेशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मतांगीकारावर शंका उपस्थित केल्या. ठरावीक सिद्धांत जो मानणार नाही तो नाश पावेल, असा निवाडा या मतांगीकारात आहे. जिला विहिरीकाठच्या दयेने जिंकले होते, तिला हा निवाडा गळ्याखाली उतरणे कठीणच होते.

त्यांच्या आध्यात्मिक माता मानल्या गेलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. त्यात मोठ्या सिद्धांतांबरोबर बारीकसारीक गोष्टीही आहेत. रमाबाई अंडे घातलेले पक्वान्न खात नसत. सिस्टरांना त्यात जातीचा अभिमान दिसे. क्रुसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, संस्कृतात का नकोत, असा रमाबाईंचा सवाल होता. इंग्रज पुरुषांना त्यांनी शिकवावे की नाही, याचा निर्णय हिंदुस्थानातील बिशपांनी परस्पर दिला तेव्हा त्या चिडल्या. वरवर पाहता ही मानापमानाची भांडणे वाटतील. मुळाशी मात्र एकच मुद्दा आहे. देवाची आज्ञा पाळणे हे त्यांना मान्य होते. पाद्री, बिशप किंवा मठाधिपती यांचा आदेश म्हणजे देवाची आज्ञा, हे मान्य नव्हते. पुरोहितशाहीतून बाहेर पडलेली स्त्री पुन्हा एका पुरोहितशाहीत शिरायला तयार नव्हती. देवापुढे जर मी स्वतः उत्तर देणार आहे, तर निर्णयही मीच घेतला पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद होता.

क्षणभर वाचन थांबवा आणि विचार करा : या भूमिकेत श्रद्धा किती आणि स्वाभिमान किती? सिस्टर जेराल्डिन यांचे उत्तर एक होते, रमाबाईंचे दुसरे. पत्रे वाचताना दोघींविषयी आदर वाटतो, हे नमूद केले पाहिजे.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे तिने मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले, आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई येथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी.

फुकट मिळालेले आणि द्यावे लागलेले

संस्थेत धर्माची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसत. यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. येथे निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. रमाबाईंनी शब्द मोडला नाही, असे म्हणता येते; उघड्या दाराचा परिणाम त्यांना ठाऊक नव्हता, असे मात्र म्हणता येत नाही. ज्याच्या आश्रयाला निराधार मुली आल्या आहेत, त्याने आपल्या श्रद्धेचे आकर्षण किती उघडे ठेवावे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

याच काळात त्यांच्या श्रद्धेत एक मोठा बदल झाला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पाद्री म्हणून दीक्षा घेऊन वर्षे लोटल्यावर, व्यासपीठावरून उपदेश करीत असतानाच आपले खरे परिवर्तन झाले, असे हॅस्लम सांगतो. रमाबाईंना स्वतःचे चित्र त्यात दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेलाच नाही, असे त्यांना जाणवले. तोपर्यंत त्यांनी धर्म पारखला होता, पटवून घेतला होता. आता क्षमा ही मिळवायची वस्तू नसून घ्यायची वस्तू आहे, अशी त्यांची खात्री झाली.

सर्वसामान्य तर्क असा की, क्षमा फुकट आहे असे कळल्यावर माणूस स्वस्थ बसेल. रमाबाईंच्या बाबतीत उलट घडले. १८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. प्रथम त्यांनी स्वतःला समजावून पाहिले : शारदा सदनाचा निधी त्या कामासाठी नाही, आपली कुवत मर्यादित आहे. पण वीस वर्षांपूर्वीचे स्वतःचे उपासमारीचे दिवस आठवू लागले आणि ही समजूत टिकेना. त्या स्वतः तेथे गेल्या. अनाथगृहांच्या नावाखाली काय चालते आणि तरुण मुलींना कोण हेरून नेते, हे त्यांनी पाहिले आणि लिहून काढले. शेकडो मुली त्यांनी बरोबर आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर झोपड्या उभारल्या गेल्या. हेच मुक्ती सदन.

दुष्काळ हा देवाचा कोप आहे, असे म्हणणारे त्या वेळी सर्व धर्मांत होते. रमाबाईंचेही मन अशा विचारापासून सर्वस्वी मुक्त नव्हते. परंतु कोप कोणाचा, याची मीमांसा करीत बसण्याऐवजी मूल कोणाच्या दारात पडले आहे, हे त्या पाहत. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग व्यवस्थेत आपल्या एका मुलीची झालेली आबाळ त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून चव्हाट्यावर आणली. हा विषय ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून त्यांना हिशेबातून सूट मिळाली नाही.

१९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर केडगावातील मुलींची व स्त्रियांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. विणकाम, तेलघाणा, दुग्धशाळा, शिवणकाम, छापखाना असे उद्योग त्या चालवीत. अंधांसाठी वेगळी सोय होती. मनोरमा अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आली होती. समाजाने बाहेर टाकलेल्या स्त्रियांसाठी १८९९ मध्ये जो विभाग उघडला, त्याचे नाव कृपा सदन. फुलहॅमला पाहिलेल्या त्या घराचे हे मराठी रूप. त्याच्या नावात पतित हा शब्द नाही, उद्धार हाही नाही, हे ध्यानात घ्या. जी दाराशी येईल तिच्यावर कोणताही शिक्का न मारता रमाबाईंनी देवाचा गुण दारावर लिहिला. आत आल्यावर मात्र प्रत्येकीला काम होते. कृपेच्या घरात बसून खाणे नव्हते.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक जागरण झाले. शेकडो मुली रात्रंदिवस प्रार्थना करीत, रडत, आपली पापे उघड कबूल करीत. भावनेचा हा अतिरेक आहे, अशी टीका ख्रिस्ती वर्तुळातूनही झाली. लहान वयाच्या, आघात सोसलेल्या मुलींच्या अशा सामूहिक पश्चात्तापाकडे आजचा वाचक काहीशा अस्वस्थतेने पाहील, आणि ते योग्यच आहे. रमाबाईंनी मात्र त्यात आत्म्याचे कार्य पाहिले. ज्यांना आयुष्यभर इतरांनी दोषी ठरविले, त्या प्रथमच स्वतःच्या तोंडाने आपले बरेवाईट सांगत आहेत, अशा अर्थानेही त्याकडे पाहता येईल.

शब्दांची निवड

भाषेच्या विद्यार्थ्यांसाठी शेवटचा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यातील स्त्रीला समजत नाही, आणि त्यातील अनेक संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाच्या छटा घेऊन येतात, असे रमाबाईंचे मत होते. अठरा हजार श्लोकांचे भागवत जिला मुखोद्गत, तिने संस्कृतप्रचुर मराठी नाकारावी, यात मौज आहे. पण शब्दांचे पूर्वसंस्कार ती जाणून होती, म्हणूनच तर नाकारले! पाप या शब्दातून विटाळ ऐकू येतो की अन्याय, न्याय या शब्दातून कर्मविपाक की समोरासमोरचा निवाडा, दयेतून वरच्याने खालच्याला टाकलेली भीक की पित्याने धावत जाऊन घेतलेली भेट, यावर वाचणारीची सारी समजूत अवलंबून असते. तुमच्या जवळ मराठी बायबलाच्या दोन भिन्न आवृत्त्या असतील, तर एखादा परिचित उतारा दोन्हींत वाचून हा फरक पडताळून पाहा.

हे काम मुळापासून करण्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. नोकरी-संसार सांभाळून उशिरा पदवीकडे वळलेल्या तुमच्यासारख्या वाचकांना हा तपशील वेगळ्याने सांगण्याची गरज नाही. शेकडो माणसांचा संसार चालवीत, ऐकू येत नसताना, त्या रोज भाषांतराला बसत. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छपाई ही सर्व कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. त्यांतील अनेकींना केडगावला येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. आईचे कार्य पुढे नेणारी म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते, ती एकुलती एक मुलगी आधी गेली. रमाबाईंनी काम थांबविले नाही. भाषांतराचे शेवटचे संस्करण हातावेगळे केल्यानंतर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ मध्ये, त्याच छापखान्यातून, त्याच स्त्रियांच्या हातून.